दीर्घ उपचारातील सातत्य आणि दवाखान्याचे रूप : हेमलकसा व गडचिरोली जिल्ह्यातील अनुभवाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णास घरी पाठविताना डॉक्टर जे सांगतात, त्यातील बराचसा भाग औषधाच्या चिठ्ठीवर मावत नाही. नियमित चालणे, देखरेखीखालील व्यायाम, आहारातील बदल, तंबाखूचा त्याग, मनावरील ताण हलका करणे आणि हे सर्व अंगवळणी पडावे म्हणून काही आठवडे ठरावीक दिवशी वर्गास उपस्थित राहणे, या एकत्रित कार्यक्रमास हृदयरुग्णांचे पुनर्वसन असे म्हटले जाते. या कार्यक्रमाची उपयुक्तता आता वादाचा विषय राहिलेली नाही. वादाचा विषय आहे तो उपस्थितीचा. अनेक रुग्ण वर्गास येतच नाहीत आणि जे येतात त्यांतील पुष्कळजण छातीतील दुखणे थांबले, अंगात थोडी शक्ती आली, की येणे बंद करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ सालच्या अहवालानुसार विकसित देशांतदेखील दीर्घकालीन उपचारांचे पालन सरासरी निम्मे रुग्णच करतात.

हा प्रश्न हृदयविकारापुरता मर्यादित नाही व तो नवाही नाही. क्षयरोग व कुष्ठरोग यांच्या उपचाराच्या इतिहासात तो अनेकदा पुढे आला आहे. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे तर तो अगदी मूळ स्वरूपात उभा राहिला. हेमलकसा हे हृदयरुग्णांच्या वर्गांसाठी ओळखले जाणारे केंद्र नव्हे. परंतु रुग्णाने दवाखान्यात यावे, उपचार संपेपर्यंत टिकावे आणि पुढील दुखण्यात पुन्हा यावे, हे तेथे गृहीत धरता येत नव्हते. ते पायरीपायरीने घडवावे लागले. ते कसे घडले आणि या अनुभवाचा उपयोग दीर्घ व न दुखणाऱ्या आजारांत कोठपर्यंत होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उपचारातील सातत्य हा रुग्णाचा गुण किंवा दोष नसून रुग्ण व दवाखाना यांच्यातील संबंधाचा परिणाम आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

दोष कोणाचा? क्षयरोग व कुष्ठरोगाचा पूर्वेतिहास

क्षयरोगावर प्रभावी औषधे येण्यापूर्वी रुग्णास आरोग्यधामात दीर्घकाळ ठेवणे हाच मान्य उपाय होता. मद्रास येथील क्षयरोग संशोधन केंद्राने १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने ही समजूत मोडली. घरी राहून औषध घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांच्या जवळजवळ बरोबरीने बरे झाले. घरातील अन्न अपुरे होते, जागा दाटीची होती, तरीही निष्कर्ष बदलला नाही. भारतासारख्या देशाच्या दृष्टीने हा शोध मोलाचा होता. मात्र त्याबरोबर एक नवी अडचण आली. आरोग्यधामात औषध देणारा हात परिचारिकेचा होता. घरी तो रुग्णाचा स्वतःचा होता. वर्षभर रोज औषध घेणे, तेही खोकला व ताप थांबल्यानंतर, अनेकांना जमले नाही. देखरेखीखाली औषध देण्याची कल्पना याच अनुभवातून पुढे आली. १९६२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाला ही अडचण सतत भोवत राहिली. १९९७ पासून सुधारित कार्यक्रमात 'डॉट्स' पद्धती स्वीकारण्यात आली आणि २००६ पर्यंत ती देशभर पोहोचली. या पद्धतीत औषध देणारी व्यक्ती रुग्णाच्या घराजवळची असावी, असा आग्रह होता. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती किंवा गावातील दुकानदारदेखील हे काम करू शकत असे.

या काळात उपचार मध्येच सोडणाऱ्या रुग्णासाठी शासकीय कागदपत्रांत 'डिफॉल्टर' हा शब्द रूढ होता. कर्ज बुडविणाऱ्यासाठीही हाच शब्द वापरला जातो. शब्दानेच निवाडा दिलेला असे : चूक रुग्णाची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली आपल्या व्याख्या सुधारताना हा शब्द वगळला व त्याजागी पाठपुराव्यातून निसटलेला रुग्ण अशा अर्थाची संज्ञा स्वीकारली. हा बदल केवळ सौजन्याचा नव्हता. रुग्ण निसटला असे म्हटले, की त्याला धरून ठेवणारी यंत्रणा कोठे सैल पडली हा प्रश्न आपोआप पुढे येतो.

कुष्ठरोगाची कथा याहून बोलकी आहे. डॅप्सोन हे औषध अनेक रुग्णांना वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर घ्यावे लागे. १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. त्यात रोजच्या गोळ्या रुग्णाकडे दिल्या, तरी महिन्यातून एक मात्रा आरोग्यसेवकासमोर घेण्याची योजना होती. ती मात्रा औषध होतीच, शिवाय दरमहा होणाऱ्या भेटीचे निमित्तही होती. उपचाराचा काळ पुढे सहा ते बारा महिन्यांवर आला आणि रुग्ण टिकू लागले. वरोरा येथील आनंदवनात बाबा आमटे यांनी याच रोगाचा दुसरा अर्धा भाग हाती घेतला होता. जंतू मेले तरी समाज रुग्णास परत घेत नव्हता. म्हणून आनंदवनात शेती, हातमाग, सुतारकाम अशी कामे उभी राहिली. तेथे पुनर्वसन हा भरवायचा वर्ग नव्हता. तो दिवसभराचा उद्योग होता. तेथील माणसाकडे उद्या सकाळी उठून जाण्यासारखे ठिकाण होते. हेमलकसा येथील प्रकल्पाची मुळे या विचारात आहेत.

हेमलकसा : पहिली पायरी

बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना केली. तेव्हा गडचिरोली जिल्हा अस्तित्वात नव्हता. तो २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. डॉ. प्रकाश आमटे व भूलतज्ज्ञ डॉ. मंदाकिनी आमटे यांनी येथे वैद्यकीय कामास आरंभ केला. विलास मनोहर, रेणुका मनोहर यांच्यासारखे सहकारी त्यांच्यासोबत होते. इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी या नद्यांच्या संगमाजवळचा हा भाग पावसाळ्यात अनेक आठवडे बाहेरच्या जगापासून तुटत असे. वीज येण्यास दीड दशकाहून अधिक काळ लागला. तोपर्यंत कंदिलाच्या व बॅटरीच्या उजेडात प्रसूती व शस्त्रक्रिया पार पडल्या.

परंतु दवाखान्यापुढील खरा अडथळा रस्ता किंवा वीज हा नव्हता. माडिया गोंड लोक बाहेरच्या माणसाला पाहून दूर पळत. बाहेरचा माणूस म्हणजे वनखात्याचा कर्मचारी, ठेकेदार किंवा व्यापारी, आणि यांपैकी कोणीही काही देण्यासाठी येत नाही, हा त्यांचा पिढ्यांचा अनुभव होता. आजार हा देवतेच्या कोपाचा परिणाम व त्यावरील उपाय पुजाऱ्याकडे, अशी व्यवस्था आधीपासून चालत आलेली होती. अशा स्थितीत दवाखाना उघडून रुग्णाची वाट पाहणे व्यर्थ ठरले असते.

म्हणून प्रथम दवाखाना बदलला. डॉक्टरांनी माडिया भाषा शिकली. या भाषेला स्वतंत्र लिपी नाही व त्या काळी तिचा शब्दकोश हाताशी नव्हता. ती माणसांकडूनच शिकावी लागली. थंडीतही अंगावर अपुरे वस्त्र असणाऱ्या लोकांना पाहून डॉ. प्रकाश आमटे यांनी अर्धी विजार व बंडी एवढाच वेश स्वीकारला. रुग्णाकडून शुल्क घेतले गेले नाही. रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकांना आवारात राहण्याची, चूल मांडून स्वयंपाक करण्याची मोकळीक राहिली. दूरच्या गावाहून दोन-तीन दिवस चालत आलेल्या कुटुंबासाठी ही मोकळीक उपचाराइतकीच महत्त्वाची होती. रुग्णाला एकट्याने आत ठेवून इतरांना दाराबाहेर थांबविणारा दवाखाना त्यांनी स्वीकारला नसता, कारण माडिया समाजात आजारी माणूस कधी एकटा नसतो.

विश्वासाचा आरंभ कसा झाला याविषयी प्रकल्पाच्या आठवणींत अपस्माराच्या झटक्यात विस्तवात पडून गंभीर भाजलेल्या एका रुग्णाचा उल्लेख येतो. त्याच्या जगण्याची आशा गावाने सोडलेली होती. तो बरा होऊन पायी आपल्या गावी परतला आणि जे कोणत्याही प्रचाराने साधले नसते ते त्याच्या परतण्याने साधले. हिवतापाने बेशुद्ध झालेले रुग्ण खाटेवरून आणले जाऊ लागले व चालत परत जाऊ लागले. पुढे शेकडो गावांतून, शेजारच्या राज्यांच्या सीमेपलीकडूनही लोक येऊ लागले. दरवर्षी सुमारे ४० हजार रुग्णांवर येथे उपचार होतात, असे प्रकल्पाविषयी सांगितले जाते. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामागे हे काम होते.

दुसरी पायरी शाळेची होती. १९७६ साली सुरू झालेल्या आश्रमशाळेतून शिकलेल्या मुलांपैकी काही शिक्षक झाले, काही आरोग्यसेवक झाले. काहींनी वैद्यकीय शिक्षणही पूर्ण केले. भोवतालच्या काही गावांत स्थानिक तरुणांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक उपचाराची सोय करण्यात आली. एका पिढीत घडलेला हा बदल इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगा आहे. आरंभी डॉक्टराने रुग्णाची भाषा शिकली. पुढे रुग्णाच्याच घरातून औषधाची भाषा जाणणारा माणूस तयार झाला.

शोधग्राम : रुग्णाला विचारून बांधलेला दवाखाना

याच जिल्ह्याच्या उत्तर भागात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. धानोरा तालुक्यातील चातगावजवळ शोधग्राम वसले. येथे गोंड लोकांना विचारण्यात आले, की शासकीय रुग्णालयात जाण्यास ते का कचरतात. उत्तरांत औषधाविषयीची तक्रार गौण होती. मोठ्या इमारतीत वाट चुकते, भाषा समजत नाही, नातेवाइकांना राहू देत नाहीत, पांढरे कपडे पाहून प्रेताची आठवण होते, अशी ती कारणे होती. त्यानुसार शोधग्रामचा दवाखाना आदिवासी पाड्याच्या धर्तीवर, सुट्या झोपडीवजा कक्षांचा बांधला गेला व लोकांच्या इच्छेने त्यास माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले.

याहून पुढचे पाऊल म्हणजे दवाखाना घरापर्यंत नेणे. गावातील स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून प्रशिक्षित करून नवजात बालकाची घरीच काळजी घेण्याची पद्धत 'सर्च'ने विकसित केली. ३९ गावांतील या प्रयोगात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बाळंतिणीने पुनःपुन्हा तपासणीस यावे असा उपदेश या पद्धतीत नव्हता. आरोग्यदूतच ठरलेल्या दिवशी घरी जात असे. न येणाऱ्या रुग्णाच्या प्रश्नाला हे एक वेगळे उत्तर होते : उपस्थितीची जबाबदारीच उलट करणे.

हृदयविकार : न दिसणारे यश

येथवरचा इतिहास यशाचा आहे. परंतु त्याचा आधार कोणता होता हे तपासल्यास पुढील अडचण स्पष्ट होते. हेमलकसा येथे विश्वास निर्माण झाला तो दिसणाऱ्या उपचारातून. तापाने फणफणलेला माणूस दोन दिवसांत उठून बसतो, अडलेली बाई सुटते, जखम भरते. गाव ते डोळ्यांनी पाहते. उच्च रक्तदाबाची गोळी, किंवा झटक्यानंतर रोज करावयाचा व्यायाम, यांचे यश मात्र काहीही न घडण्यात असते. जो पक्षाघात झाला नाही, जो दुसरा झटका आला नाही, तो कोणाला दाखविता येत नाही. रात्रीत उतरणाऱ्या तापाने मिळविलेला विश्वास जन्मभराच्या गोळीला आपोआप लागू पडत नाही.

आणि हा प्रश्न गडचिरोलीस परका राहिलेला नाही. 'सर्च'च्या संशोधकांनी जिल्ह्यातील ८६ गावांत २०११ ते २०१३ या काळात झालेल्या मृत्यूंची कारणे तपासली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात १४.३ टक्के मृत्यू, म्हणजे सातांत एक, पक्षाघाताने झाल्याचे आढळले आणि त्यांतील ८७ टक्क्यांहून अधिक मृत्यू घरीच झाले होते. हिवताप व अतिसार यांचा प्रदेश म्हणून ओळखला जाणारा हा जिल्हा रक्तवाहिन्यांच्या विकारांच्या छायेत आलेला होता, आणि रुग्ण दवाखान्याच्या नोंदीत येण्याआधीच संपत होता. त्यानंतर उच्च रक्तदाबाचे रुग्ण गावातच शोधून आरोग्यसेवकांमार्फत त्यांचे औषध चालू ठेवण्याचा मार्ग 'सर्च'ने धरला.

या संदर्भात स्वतः डॉ. अभय बंग यांचा अनुभव महत्त्वाचा आहे. १९९५ साली, ऐन चाळिशीत, त्यांना हृदयविकाराचा झटका आला. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकात त्यांनी आहार, चालणे, योग, ध्यान व मनाचे परीक्षण यांच्या आधारे केलेल्या पुनर्वसनाचे वर्णन केले आहे. अमेरिकेतील डॉ. डीन ऑर्निश यांच्या कार्यक्रमाचा त्यांनी आधार घेतला होता. ऑर्निश यांचा १९९० सालचा प्रयोग अवघ्या ४८ रुग्णांचा होता. परंतु त्यात आहार व व्यायाम यांच्या जोडीला आठवड्यातून दोनदा भरणारी रुग्णांची सामूहिक बैठक होती, आणि कार्यक्रमाचे पालन जितके अधिक, तितका रोहिणीतील अडथळा कमी होण्याचा कल दिसला. डॉ. बंग यांच्या पुस्तकाने मराठी मध्यमवर्गातील असंख्य हृदयरुग्णांना जीवनशैली बदलण्याची प्रेरणा दिली. तथापि वाचणारा, घरी आहार ठरविण्याची मुभा असणारा व फिरायला वेळ काढू शकणारा रुग्ण आणि मजुरी बुडवून तालुक्याला येणारा रुग्ण यांच्यातील अंतर केवळ प्रेरणेने भरून निघत नाही.

वर्ग, अंतर आणि पुरावा

हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाचा जागतिक इतिहासही धारणांच्या बदलाचा आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झटक्यानंतर सहा आठवडे अंथरुणावर पडून राहणे सक्तीचे मानले जाई. सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी १९५२ साली रुग्णास लवकर खुर्चीत बसविण्याचा पुरस्कार केला, तेव्हा तो धाडसी वाटला. पुढे देखरेखीखालील व्यायामाचे वर्ग रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९३ सालच्या व्याख्येत रुग्णाने स्वतःच्या प्रयत्नाने समाजातील आपले स्थान टिकवावे किंवा पुन्हा मिळवावे, असा आशय आहे. 'स्वतःच्या प्रयत्नाने' हे शब्द रुग्णाचा सन्मान करतात. पण तेच शब्द वर्ग सोडणाऱ्याला दोषी ठरविण्यासाठीही वापरता येतात.

भारतात या विषयावरील सर्वांत मोठा प्रयोग योगावर आधारित होता. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात २४ रुग्णालयांतील ३,९५९ रुग्णांचा समावेश होता. तीन महिन्यांत १३ वर्ग अशी योजना होती. वर्गाच्या गटातील रुग्णांची प्रकृतीविषयीची स्वतःची भावना व पूर्वीच्या कामावर परतण्याची क्षमता सुधारली. मृत्यू अथवा पुनश्च झटका यांच्या एकूण प्रमाणात मात्र दोन गटांत निर्णायक फरक आढळला नाही. परंतु ज्यांनी १३ पैकी किमान १० वर्ग पूर्ण केले, त्यांच्यात हे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी होते. या निष्कर्षाचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. वर्गास नियमित येणारा रुग्ण मुळातच अधिक सशक्त, अधिक सुस्थितीतील, रुग्णालयाच्या अधिक जवळ राहणारा असू शकतो. उपस्थितीने प्रकृती सुधारली, की प्रकृती व परिस्थिती बरी होती म्हणून उपस्थिती राहिली, हे अशा तुलनेतून पूर्णपणे ठरत नाही.

उपस्थिती वाढविण्याच्या उपायांचा २०१९ सालचा कॉक्रेन आढावा या विचाराला पूरक आहे. आरोग्यकर्मचाऱ्याने समक्ष भेटून निमंत्रण दिले, की नाव नोंदविणाऱ्यांची संख्या वाढते. आणि कार्यक्रम घराजवळ किंवा घरी नेला, की टिकणाऱ्यांची संख्या वाढते. हेमलकसा व शोधग्राम येथे जे व्यवहारातून उमगले होते, त्याच दिशेला हा पुरावा जातो. समक्ष भेट आणि घराजवळची सोय, या दोन गोष्टी दोन्हीकडे समान आहेत.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, रुग्णाच्या अनुपस्थितीला कारणे असतात व ती बहुधा दवाखान्याच्या रचनेत सापडतात. रुग्णास दोष देणारी भाषा ती कारणे झाकून टाकते. दुसरी, हेमलकसा येथे रुग्णाला बदलण्यापूर्वी दवाखाना बदलला गेला. वेश, भाषा, शुल्क, राहण्याची मोकळीक हे सर्व उपचाराचेच भाग ठरले. तिसरी, दिसणाऱ्या उपचारातून मिळालेला विश्वास न दिसणाऱ्या उपचाराला पुरेसा नसतो. हृदयविकार व रक्तदाब यांत यश दिसत नसल्याने तेथे भेटीनेच विश्वास जिवंत ठेवावा लागतो. कुष्ठरोगातील महिन्याची देखरेखीखालील मात्रा, डॉट्समधील शेजारचा औषधदाता, आरोग्यदूताची ठरलेल्या दिवसाची घरभेट ही त्याची उदाहरणे होत.

शहरातील सुसज्ज रुग्णालयाला हेमलकसा हा दूरच्या जंगलातील अपवाद वाटण्याचा संभव आहे. परंतु चौथ्या वर्गानंतर न दिसणारा शहरी हृदयरुग्ण आणि सत्तरच्या दशकात डॉक्टरला पाहून पळणारा माडिया यांच्यातील साम्य दिसते त्याहून अधिक आहे. दोघांनाही समोरची व्यवस्था आपली वाटत नाही. भामरागडच्या जंगलात ही व्यवस्था आपली वाटावी म्हणून डॉक्टरांनी काही वर्षे खर्च केली. हृदयरुग्णांच्या वर्गाची वेळ कोणाच्या सोयीची आहे, तो कोणत्या भाषेत चालतो, त्यासाठी किती मजुरी बुडते आणि पत्नीला किंवा मुलाला सोबत बसता येते का, हे प्रश्न विचारण्यास मात्र वर्षे लागत नाहीत. वर्गातील रिकाम्या खुर्चीची नोंद हजेरीपटावर रुग्णाच्या नावापुढे केली जाते. ती नोंद वर्ग भरविणाऱ्यांच्या कामाचीही मानली गेली, तर हेमलकसाच्या पन्नास वर्षांच्या अनुभवातून काही शिकले असे म्हणता येईल.